चालून दाखव

आक्काचा पाय कशामुळे गेला याबद्दल आमच्या गल्लीत डझनभर गोष्टी होत्या, आणि गंमत म्हणजे त्या सगळ्या आक्कानेच पसरवलेल्या होत्या. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला तिने सांगितलं होतं की तोरणमाळच्या जंगलात बिबट्याने पाय धरला. सिटी बसमध्ये शेजारी बसलेल्या गुजराती बाईला तिने तापीतली मगर सांगितली. त्या बाईने, इकडे तर कधी मगर पाहिली नाही, अशी शंका काढली, तर "आता कशी दिसेल? तेव्हाच घाबरून गेली ती," असं वर ऐकवलं. एकदा देवळाच्या पायरीवर ती चप्पल काढत असताना एका भल्या गृहस्थांनी तिच्या पायाकडे बघून मान हलवली आणि "पूर्वजन्मीचं काहीतरी असतं," असा उसासा टाकला. आक्का लगेच म्हणाली, "हो ना. मागच्या जन्मी मी एका लंगड्या बाईला असंच बोलले होते." ते गृहस्थ दर्शन न घेताच परत फिरले.

खरी गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, साडीच्या काठावर टिकल्या चिकटवताना, मान वर न करता. साक्रीकडच्या एका खेड्यात ती चालायला लागून थोडेच दिवस झाले होते. "ताप उना, पाय गया," ती म्हणाली. मी पुढचं ऐकायला थांबले. "संपली," ती म्हणाली. "म्हणून तर दुसऱ्या सांगते. हिच्यात मजा काय आहे?"

आम्ही तिचे भाडेकरू. लग्न होऊन मी वाशीमकडून सुरतेत आले तेव्हा नवऱ्याची जवळच्या सचिन गावात कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये नोकरी होती आणि शहरातल्या लिंबायत भागात आक्काच्या घरात दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती. घर म्हणजे सुरतेत असतात तसलं, रुंदीला जेमतेम आणि उंचीला मुबलक. तळमजल्यावर तिचा धाकटा भाऊ, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर भाडेकरू. आणि सगळ्यात वर, तिसऱ्या मजल्यावर, जिथे चढताना धडधाकट माणसाचीही जीभ बाहेर येते, तिथे आक्का. घर तिच्याच नावावर होतं. हिचं लग्न काही व्हायचं नाही, निदान डोक्यावर छप्पर राहू दे, म्हणून वडिलांनी करून ठेवलेलं.

तिला पाहणाऱ्या प्रत्येकाने खाली राहायला जायचा सल्ला दिलेला होता. मीही दिला, पहिल्याच आठवड्यात. मला तेव्हा वाटलं, आपण काही नवीनच सुचवतोय. आक्काने मला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुला वर यायला दम लागला?" म्हटलं, लागला. "काम होतं म्हणून आलीस ना?" म्हटलं, हो. "मग झालं तर. खाली राहिले तर येणारा-जाणारा 'कशी आहेस गं बाई' करत तोंड पाडून उभा राहील. इथे ज्याला काम आहे तोच येतो. आणि आला की आधी त्यालाच पाणी द्यावं लागतं."

वर चालायचं काम म्हणजे साड्यांचं. मार्केटमधून टेम्पोने साड्यांची पोटली यायची, आणि आम्ही आसपासच्या बायका दुपारची जेवणं उरकून तिच्या खोलीत खडे, टिकल्या, लेस लावायला बसायचो. सगळ्यांचं काम आक्का तपासायची. नवीन बाई आली की हमखास तिची नजर आक्काच्या पायाकडे जायची. तो पाय खरंच बारीक होता, आणि चालताना ती गुडघ्यावर हात दाबून पाऊल टाकायची. आक्का दोनदा बघू द्यायची, तिसऱ्यांदा म्हणायची, "बाई, पाय कुठे पळून जात नाही. नजर बॉर्डरवर ठेव, टिकली वाकडी बसतेय."

'बिचारी' या शब्दाशी तिचं वैर होतं. कोणी तिच्यासमोर "बिचारी" म्हटलं की ती चटकन मागे वळून बघायची, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि निरागस चेहऱ्याने विचारायची, "कोण? कुठे आहे?" समोरचं माणूस सारवासारव करून घामाघूम व्हायचं. स्वतःला मात्र ती खुशाल लंगडी म्हणायची. पण तो मान तिने स्वतःपुरता राखून ठेवला होता. भाजीवाला एकदा दुसऱ्या कुणाला तरी "वो लंगडीवाले घर में" असा पत्ता सांगताना सापडला, तर पुढचा महिनाभर त्याची मेथी आमच्या गल्लीत कोणी घेतली नाही.

पण म्हणून ती फार तत्त्वाची बाई होती असं कोणी समजू नये. बँकेत रांग मोठी असली की आक्काचा पाय अचानक दुप्पट लंगडायचा. चेहऱ्यावर अशी कळा यायची की शिपाई धावत येऊन तिला पुढे न्यायचा. काम झालं की बाहेर मी वाट बघत असायचे, आणि ही पायऱ्या झपाझप उतरून माझ्याआधी रिक्षात. मी म्हटलं, "आक्का, हे बरं आहे. दया नको म्हणता आणि रांगेत चालते." ती म्हणाली, "दया नको गं. सोय पाहिजे." पाय तिचा होता, त्यामुळे तो कुठे आणि किती लंगडायचा हे तीच ठरवायची, एवढंच काय ते तत्त्व.

अपंगांसाठीच्या साहित्यवाटपाच्या शिबिराला ती दरवर्षी हौसेने जायची, कारण तिथलं खमण चांगलं असायचं. एका वर्षी तिचा नंबर येईपर्यंत कुबड्या संपल्या. रिकाम्या हाताने फोटो कसा काढायचा, म्हणून तिथल्या उत्साही कार्यकर्त्यांनी तिला आंधळ्यांची पांढरी घडीची काठी दिली, शाल घातली आणि फोटो काढला. आक्काने आयत्या वेळी डोळे मिटून घेतले, म्हणे काठीला शोभायला नको का? त्या काठीवर तिच्या न्हाणीघराचा पडदा मी ते घर सोडेपर्यंत लटकत होता.

श्रावणात आमच्या गल्लीत खानदेशी मंडळींची कानबाई बसायची. रोट, खीर, गाणी, आणि देवीसमोर बायकांच्या फुगड्या. आम्हा वऱ्हाडी लोकांना हे सगळं नवीन. पहिल्या वर्षी मी कौतुकाने बघत उभी होते, तर आक्काने हात धरून ओढलं. मला वाटलं, हिला आधार हवा असेल, म्हणून जपून धरलं. तिने चांगला पाय मधोमध रोवला आणि अशी काही गरगर फिरवली की दोन्ही पाय शाबूत असलेली मी भिंत धरून बसले आणि ती पुढची जोडीदारीण शोधायला लागली. नंतर कळलं की जुन्या बायका तिच्याशी फुगडी खेळतच नाहीत. दर वर्षी एखादी नवी भाडेकरीण सापडली की तिचं भागायचं.

तिच्या आयुष्यात एकच व्यक्ती अशी होती की जिच्यापुढे तिची जीभ मऊ व्हायची. नानांची मुलगी, हेतल. नानांची बायको मूल लहान असतानाच गेली. आक्काने त्या पोरीला वर नेलं आणि वाढवलं. स्वयंपाकही आक्काच करायची, नानांचं ताट हेतल खाली घेऊन जायची. पोरगी शिकली गुजरातीत, मैत्रिणींशी बोलायची हिंदीत, आणि फुईशी, म्हणजे आत्याशी, भांडायची अहिराणीत. नाव हेतल का ठेवलं विचारलं तर आक्का म्हणायची, "सुरतेत जन्मली ना, पासपोर्ट नको का?"

तर ही हेतल लग्नाची झाली. पहिलं स्थळ आलं तेव्हा आक्का खाली ओट्यावरच बसून होती. पाहुण्यांनी तिला नमस्कार केला, तिच्या पायाकडे पाहिलं, पोहे खाल्ले आणि गेले. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आता, पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

दुसरं स्थळ चलथाणचं. मुलगा फिटर, दिसायला नीट, बोलायला शांत, वडील नाहीत, घरात मोठ्या काकूची सत्ता. फोटो पाहून हेतल "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली, पण फोटो बाबांना परत द्यायचा विसरली. आक्काच्या ते लगेच लक्षात आलं. पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी नाना जिने चढून वर आले. मी तिथेच लेस लावत बसले होते. ते पंख्याकडे बघत म्हणाले, "आक्का, उद्या तू वरच थांब. जिने चढ-उतर करस, गुडघाले त्रास होस."

नानांना त्या गुडघ्याची चौकशी करताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, हे काय आनुवंशिक असतं का? पोलिओ तो." नानांनी मान खाली घातली. आक्काच म्हणाली, "मला माहीत आहे, याला माहीत आहे, डॉक्टरला माहीत आहे. मुलाच्या काकूला कोण शिकवणार?" मग नानांना म्हणाली, "जाय. मी नही उतरस."

हेतलने आकांत केला, फुई नसेल तर मीही बाहेर येणार नाही म्हणाली. आक्काने तिला दम दिला. "येशील, आणि हसत येशील. हे बी स्थळ मना पायमुळे गयं असं व्हायले नको." ती हसून बोलत होती, पण त्या दिवशी तिच्या हातून टिकल्या वाकड्या बसत होत्या, आणि मी ते तिला सांगितलं नाही.

रविवारी, ऊन चांगलं तापल्यावर, पांढरी व्हॅन आमच्या दारात येऊन थांबली. काकू, मामा, मुलाची आई आणि मुलगा उतरून आत गेले. पोहे-चहाचं माझ्याकडे होतं. साखर कमी पडली म्हणून मी वर आले, तर आक्का गॅलरीच्या कठड्यावर वाकून खाली बघत होती.

"गाडीत कोणीतरी आहे," ती म्हणाली.

"ड्रायव्हर असेल."

"गाडी मुलाने चालवत आणली. आणि ड्रायव्हर लाल बांगड्या घालतो का?"

मी वाकून पाहिलं. पुढच्या काचेतून एक हात दिसत होता, बांगड्यांचा, ओढणीने वारा घेणारा. आमच्या गल्लीत सावली औषधालाही नाही. आक्काने हाका मारल्या. "ओ ताई! वर बघा!" हात हलत राहिला, वर कोणी बघेना. भाजी वर ओढून घ्यायला आक्काकडे दोरीची टोपली होती. तिने तीत पाण्याची बाटली आणि पोह्यांची ताटली ठेवली आणि टोपली अशी नेमकी सोडली की ती काचेवर हलकेच आपटली. आतली बाई दचकली, दार उघडून तिने डोकं बाहेर काढलं आणि वर पाहिलं. तिशीची असेल. चेहरा घामाने निथळत होता, आणि नाक-डोळे थेट मुलासारखे. बहीणच.

"गाडीत का बसल्या?" आक्काने वरून विचारलं.

तिने बोट कानाला लावलं, मग ओठांना लावलं, आणि मान हलवली. नंतर आमच्या दाराकडे हात केला आणि पुन्हा ओठांवर बोट ठेवून दाखवलं, चूप बसायला सांगितलंय. जिला बोलताच येत नव्हतं तिला त्या मंडळींनी गप्प बसायला बजावलं होतं.

 मग आक्काने आपल्या बारीक पायावर थाप मारली, स्वतःच्या छातीला बोट लावलं आणि गॅलरीच्या फरशीकडे हात केला. मलासुद्धा इथे ठेवलंय. खालच्या बाईला ते एका झटक्यात समजलं, आणि ती इतकी मोकळी, मोठ्या आवाजात हसली की समोरच्या घरातले लोक डोकावले. आक्काही हसली. दोघी हसत होत्या, आणि मग आक्काचं हसू थांबलं. ती गुडघ्यावर हात ठेवून जिन्याकडे वळली.

"आक्का, स्थळ," मी म्हटलं.

"मी पंख्याखाली होते गं. आणि घर माझं होतं," ती म्हणाली. "तिला तर डब्यात भरून ठेवलंय."

मी तिच्या मागोमाग निघाले. आमचा जिना खाली थेट नानांच्या बैठकीतच उतरतो, दुसरा रस्ता नाही. खाली हेतलची तपासणी रंगात आली होती. जीभ जड नाही ना हे बघायला काकूंचं तिला पेपर वाचायला लावून झालं होतं. नजर बघायला सुईत दोरा ओवून झाला होता. आता काकू गोड आवाजात म्हणत होत्या, "बेटा, जरा त्या दारापर्यंत चालून दाखव." हेतल उठून उभी राहिली, आणि तेवढ्यात जिन्यावर आक्काचं पाऊल वाजलं. आक्काच्या पावलाला दोन आवाज होते, एक पायाचा आणि एक गुडघ्यावरच्या हाताचा. सगळ्यांच्या माना वळल्या. नानांनी डोळे मिटून घेतले.

आक्का शेवटची पायरी उतरली आणि बैठकीतून सरळ दाराकडे निघाली, पाहुण्यांच्या समोरून, एकेक पाऊल टाकत. मधोमध थांबून काकूंना म्हणाली, "मी हिची फुई. आधी माझं बघून घ्या. हिला चालायला मीच शिकवलंय."

मग ती बाहेर गेली आणि व्हॅनमधल्या बाईचा हात धरून परत आली. "आणि ही तुमची," ती म्हणाली. "गाडीत राहून गेली होती."

काकूंच्या हातातला कप तसाच राहिला. मामांनी पोह्यांतले शेंगदाणे शोधायला घेतले. आमच्या नानांचा चेहरा आणि त्या काकूंचा चेहरा, दोन्ही एकाच दुकानातून आणल्यासारखे झाले होते, आणि मला त्या भयंकर शांततेत हसू फुटायला लागलं. मुलगा मात्र ताडकन उठला. "तुम्ही म्हणालात, आत गेल्यावर लगेच ताईला बोलावतो," तो काकूंना म्हणाला. "मी तिला आणल्याशिवाय निघणार नव्हतो, तर असं केलंत?" त्याने बहिणीला आपल्या खुर्चीवर बसवलं, पाण्याचा ग्लास दिला आणि स्वतः तिच्याजवळ उभा राहिला.

ताईने पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि हेतलकडे निवांत बघून घेतलं. मग भावाकडे वळून हातांनी काहीतरी विचारलं. मुलाचे कान लाल झाले.

"काय म्हणतात?" आक्काने विचारलं.

"तिला विचारायचंय..." तो हेतलकडे न बघता म्हणाला, "की मी तुम्हाला आवडलो का."

वाचून झालं होतं, ओवून झालं होतं, चालणं बाकी होतं. हे कोणी विचारलंच नव्हतं, आणि विचारायचं असतं हे आमच्याही कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हेतलने नानांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग आक्काकडे.

"मना तोंडकडे काय देखस?" आक्का म्हणाली. "तिनी तुले इचारेल शे."

हेतलने हळूच मुलाला विचारलं, "यांना 'हो' कसं सांगायचं?" त्याने नुसती मान डोलावली. तेवढं तर तिलाही येत होतं. तिने ताईकडे बघून मान डोलावली, आणि ताई पुन्हा तशीच मोठ्याने हसली. काकूंनी घसा साफ करून "पत्रिका" एवढंच म्हटलं. "ती नंतर," आक्का म्हणाली, "पोहे गार होताहेत."

लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर आक्का वर आली, मीही आले. मी खूप खुशीत होते. तिची चेष्टा करावी म्हणून विचारलं, "आक्का, तुम्हाला पाहायला आले होते तेव्हा तुम्ही काय काय करून दाखवलं?" मला वाटलं, आता एक झकास गोष्ट ऐकायला मिळणार. मी पाय पसरून बसलेसुद्धा.

आक्का साडीच्या घड्या घालत होती. हात थांबले. "माले देखाले कोनी उनंच नही," ती म्हणाली. "नही म्हणाले सुद्धा कोनी उनं नही." नकार द्यायलासुद्धा तिच्या दारात कधी कोणी आलं नव्हतं.

आणि ती रडली. तोंड न लपवता, लहान मुलीसारखी. माझ्याही डोळ्यांना धार लागली, आणि मी तिच्याजवळ सरकून तिचा हात धरून ठेवला. तेवढ्यात खालून जिन्यात नानांचा आवाज आला, "आक्का, खाले ये. ताट वाढेल शे."

मी उठायला लागले. आक्काने नाक पुसलं आणि मला परत खाली बसवलं. "थांबू दे थोडं," ती म्हणाली. "पहिल्यांदाच बोलावतोय."